तीन वानग्या

सयाजी शेलारांना आपण फसवलं, असं छातीवर हात ठेवून सांगणारा माणूस तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात शोधून सापडायचा नाही. साताऱ्याकडून आले तेव्हा पाठीवर गोणी वाहत होते. एकतीस वर्षांनी एका व्यापाऱ्याच्या गाळ्यावर माल पारखायला बसले. गोणीचं तोंड सैल करायचं, कोपरापर्यंत हात आत घालायचा आणि चार कांदे बाहेर काढायचे. ती वानगी. ते चार कांदे दाबून सयाजी म्हणणार की तळाला माल नासलाय, आणि गोणी उलटी केली की नासलेलाच निघणार.

बाजारात हा गुण ठीक होता, घरात मात्र त्याचा जाच होता. पंखा घ्यायला गेले तर दुकानात तीन पंखे लावून तिन्हींखाली पाच-पाच मिनिटं बसून आले. त्यांच्या बायकोने, वेणूबाईंनी, तिथेच कपाळाला हात लावला. वानगी बघितल्याशिवाय माल घ्यायचा नाही आणि कुणी फुकट देत असेल तर तो नासकाच समजायचा, यापलीकडे सयाजींना तिसरी गोष्ट शिकायची गरज कधी वाटली नाही.

अशा माणसाच्या घरी, कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत, त्यांच्या एकुलत्या एका मुलीने कॉम्प्युटर आणला. ज्ञानेश्वरी साड्यांच्या दुकानात काउंटर सांभाळून बी.कॉम. झाली होती. दिवसभर उभं राहून संध्याकाळी तिचे पाय सुजायचे. येत्या शनिवारी अकरा वाजता ऐरोलीच्या एका कंपनीची परीक्षा होती, घरूनच, कॅमेरा चालू ठेवून द्यायची. ती पास झाली की खुर्चीवर बसून करायची नोकरी. त्यासाठीच चार वर्षं साठवून तिने ते यंत्र घेतलं होतं.

मंगळवारी सयाजींनी त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "ह्याला व्हायरस लागतो म्हंत्यात. त्यावर औषध कंचं घालायचं?"

"काहीच नाही, आबा. अँटिव्हायरस ह्याच्यात आधीपासूनच आहे. फक्त अपडेट चालू ठेवायचं."

"म्हंजी फुकट दिलाय?"

"हो, फुकट."

संपलं! फुकट म्हटल्यावर सयाजींच्या लेखी त्या मालाचा निकाल लागला. बुधवारी तिने पुन्हा सांगितलं, गुरुवारी परत एकदा सांगितलं. दोन्ही वेळा त्यांनी मान हलवली. घरातल्या बायकांच्या बोलण्याला मान हलवायची त्यांना सवय होती, ऐकायची नव्हती.

इकडे ते गावभर विचारत सुटले होते. भाचा राजवर्धन जुईनगरला मोबाइलची कव्हरं विकतो, म्हणून घराण्यात तो कॉम्प्युटरचा जाणकार. त्याने एका अँटिव्हायरसचं नाव सांगितलं. गाळ्यावरच्या हिशेबनिसाने ते नाव ऐकून नाक मुरडलं आणि दुसरं सांगितलं. वाशीच्या दुकानदाराने त्या दोघांनाही वेड्यात काढून तिसऱ्याचा खोका पुढे सरकवला. सयाजी चिडले. सगळ्या खोक्यांवर तीच ढाल, तेच 'संपूर्ण संरक्षण', आणि हात घालायला कुठे जागाच नाही! त्यांनी खोका कानाशी धरून हलवला. आत एक कागद खुळखुळला.

"आरं, हा माल बगायचा कसा?"

"काका, एवढं टेन्शन कशाला? तिन्हींची ट्रायल मिळते. महिनाभर वापरून बघा, आवडेल ते घ्या."

"म्हंजी वानगी?" सयाजींचा चेहरा उजळला. तीन दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या भाषेत बोललं होतं.

शुक्रवारी ज्ञानेश्वरी कामाला गेली आणि यांनी राजवर्धनला बोलावून घेतलं. तिघांची ट्रायल आजच आणि एकदमच घालायची, असा हुकूम सोडला. भाचा बिचकला.

"मामा, एकेक करून बघू ना."

"येडा का खुळा तू? वानग्या शेजारी शेजारी ठिवून बगायच्या असत्यात. एक आज आन् दुसरी म्हैन्यानं बगितली, तर नासकी कंची ते कळंल कसं?"

जाणकाराला हे पटलं, यावरूनच त्याची जाण कळते. संध्याकाळी ज्ञानेश्वरी पाय ओढत घरी आली आणि लवकर झोपली. परीक्षेचा प्रोग्राम घालून सगळी तयारी तिने गुरुवारीच करून ठेवली होती.

शनिवारी साडेदहाला तिने कॉम्प्युटर सुरू केला. पडद्यावर एक चौकट आली, तिच्यावर दुसरी, दुसरीवर तिसरी. पहिला म्हणाला, दुसरा संशयित आहे. दुसऱ्याने पहिल्याला अडवलं. तिसऱ्याने परीक्षेचा प्रोग्रामच चोर म्हणून धरला. माउसचा बाण जागच्या जागी थिजला.

"आबा, काय केलंत तुम्ही?"

"वानग्या घेतल्या," सयाजी म्हणाले, आणि ते म्हणताना त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

वेणूबाई अनवाणी धावत गेल्या आणि दोन गल्ल्या सोडून असलेल्या दुरुस्तीवाल्या इंद्रजितला घेऊन आल्या. तो एकेकाला काढायला बसला. आणि ते मेले सुखासुखी जातायत थोडेच! खरंच काढायचं का, का काढताय, आमचं काही चुकलं का, आता कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करा. असं तीनदा. घड्याळात अकरा वाजले, सव्वाअकरा झाले. ज्ञानेश्वरी इस्त्रीचा ड्रेस घालून खुर्चीमागे उभी होती. तिथेही उभीच. पावणेबाराला परीक्षेचं पान उघडलं. त्यावर एकच ओळ होती: प्रवेशाची वेळ संपली आहे.

इंद्रजितने कोपऱ्यातल्या एका हिरव्या खुणेवर बोट ठेवलं. "काका, हा आत ऑलरेडी होता ना. तुमी बाहेरचे आणले म्हणून गप बसला. ते गेले, हा लागला परत कामाला."

सयाजी उसळले. "आरं, मग ह्ये मला आधी कुनी सांगितलं का न्हाय?"

वेणूबाई म्हणाल्या, "तिनं सांगितलं. तीनदा. काखंत कळसा आन् गावाला वळसा घालत बसला तुमी."

ज्ञानेश्वरीने कंपनीला मेल केला, त्याचं उत्तर रविवारी आलं. पुढची परीक्षा सहा महिन्यांनी. ज्ञानेश्वरी ओरडली नाही, रडलीही नाही. ती ओरडली असती तर सयाजींना बरं वाटलं असतं.

सोमवारी ती डबा घेऊन निघाली. सयाजी दाराशी घुटमळत होते. बाजाराची वेळ टळून गेली होती, तरी गेले नव्हते.

"ज्ञाने," ते म्हणाले, "त्ये अपडेट का काय म्हनली हुतीस, त्ये चालू कसं ठिवायचं?"

तिने वाकून अजून सूज न उतरलेल्या पायात चप्पल सरकवली.

"आता विचारता, आबा?" ती म्हणाली, आणि काउंटरवर उभं राहायला गेली.