चौथी तक्रार

उर्मिलाने तीन वर्षं मुलीला घरी शिकवलं आणि तीन वर्षांत तिच्यावर एकदाही हात उचलला नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण सिंगापूरच्या ईस्ट कोस्ट किनाऱ्यावर त्या रविवारी तिने जे केलं तेवढंच लोकांच्या लक्षात राहिलं.

वुडलँड्सच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये दहा वर्षांच्या आर्याची शाळा भरायची. नवरा उद्धव आंग मो किओला इंजिनिअर. त्याच्यासारख्या नोकरीच्या पासवर आलेल्या परदेशी लोकांच्या मुलांना इथे शाळेची सक्ती नाही. पुण्यात उर्मिला गणित शिकवायची आणि दोरीचा मल्लखांबही. पोरीला तिने दोन्ही शिकवलं. दोरी मांडीला काचते, लाल पट्टे उठतात. मल्लखांबवाल्यांना त्याचं काही वाटत नाही, तेल चोळलं की झालं.

मग तक्रारी सुरू झाल्या. बालसंरक्षण खात्याच्या एक अधिकारी बाई आल्या, पोरीला उपाशी ठेवतात म्हणून. फ्रीज उघडून बघितला, आर्याशी दार लावून बोलल्या, गेल्या. दुसऱ्यांदा, कोंडून ठेवतात म्हणून. तिसऱ्यांदा, पट्ट्याने मारतात म्हणून. बाईंनी मांड्यांवरचे वळ पाहिले, उर्मिलाने छताच्या हुकाला दोरी बांधून दिली, आर्या सरसर वर चढून दाखवून आली. बाई समजूतदार होत्या. मुलीला घरातून नेतात का, असं उद्धवने विचारलं तेव्हा "गरज पडली तर" एवढंच म्हणाल्या. त्या दिवसापासून उर्मिलाची झोप उडाली.

तक्रार कुणाची ते खात्यात सांगत नाहीत. पण ते वळ बाहेरच्या कुणी पाहिले होते? गणपतीत आर्याने प्रात्यक्षिक केलं तेव्हा इथल्या मराठी मंडळातल्या लोकांनी, आणि त्या वेळी दोरी सावरायला खाली मंडळातलीच प्रणिता उभी होती. वळ कशाचे ते तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. प्रणिता गणिताचा क्लास घ्यायची. उर्मिला घरी शिकवायला लागली तसा आर्याने तो सोडला आणि तिचं बघून आणखी चार मुलांनी सोडला, हे प्रणिताच्या जिव्हारी लागलं होतं.

ईस्ट कोस्टला मंडळाची सहल होती. भरतासाठी निखाऱ्यांवर वांगी भाजत होती आणि उर्मिला लांब चिमट्याने ती फिरवत होती. प्रणिता शेजारी आली तेव्हा, तक्रारी तूच केल्यास का, असं उर्मिलाने सरळ विचारून टाकलं.

"मुलीच्या काळजीपोटी केलं गं," प्रणिता म्हणाली. "आणि पुन्हाही करीन."

उर्मिलाने चिमटा तिच्या तोंडावर हाणला. भुवई फाटली, रक्त डोळ्यात उतरलं. प्रणिता खाली पडली तशी उर्मिला तिच्या छातीवर बसली आणि चिमटा न सोडता दुसऱ्या हाताने केस धरून तिचं डोकं जमिनीवर आपटत राहिली. पेपर प्लेटांवर रक्ताचे शिंतोडे उडाले. उद्धव आणि आणखी दोघे ओढत होते, पण ती काही आवरेना. प्रणिताचं फार वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. वाईट वाटतं ते पोरीचं. आर्या धावत येऊन आईच्या हाताला लोंबकळली, आणि उर्मिलाने मागे न बघता चिमटा फिरवला. तापलेलं टोक पोरीच्या दंडावर चरचरलं. ती किंकाळी ऐकून उर्मिला थांबली.

मंगळवारी, उर्मिला जामिनावर घरी असताना, त्याच बाई चौथ्यांदा आल्या, या वेळी पोलिसाला घेऊन. आर्याने एवढ्या उकाड्यात लांब बाह्यांचा शर्ट घातला होता. आईने तुला कधी मारलं का, असं बाईंनी विचारलं.

"नो लाह," आर्या इथल्या पोरांच्या इंग्रजीत, त्यांच्या डोळ्यांत बघत म्हणाली. "नेव्हर."

त्या गडबडीत दंड कुणी नीट पाहिला नव्हता, नुसतं गप्प बसायचं होतं. उर्मिलाने तसं ठरवलंही. पण पोरगी फार सफाईने खोटं बोलली. तीन वर्षं शिकवून आपण हे शिकवलं? ती उठली आणि आर्याची बाही वर सारली. फोड अजून ओला होता.

"हे मी केलं," ती बाईंना म्हणाली.

बाईंनी पेन खाली ठेवलं, बराच वेळ फोनवर बोलल्या आणि आर्याला बॅग भरायला सांगितलं. कपडे किती दिवसांचे घ्यायचे, ते आर्याने आईलाच विचारलं.