मास्तरांनी घेतलेलं पार्सल

कंपनीच्या अ‍ॅपवर हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘डिलिव्हर्ड’. खाली पार्सल घेणाऱ्याचं नाव, भुजंगराव. त्याखाली बोटानं गिरवलेली सही.

“भुजंगराव मास्तर जाऊन दीड वर्स झालं, सायेब,” मंगलबाई म्हणाल्या. त्या ओरडूनच बोलत. ऐकू येणं जवळजवळ बंद झालं होतं.

मी परभणीत वकील आहे, ग्राहकांच्या तक्रारी चालवतो. मंगलबाई बोरीच्या पुढच्या एका खेड्यात अंगणवाडी सेविका. त्यांनी कानाची मशीन मागवली होती. महिनाअखेरीला तपासणी होती आणि सुपरवायझर मॅडमनी तोंडावर सांगितलं होतं, “लेकरू रडलेलं ऐकू येत नसेल, तर काम सोडा.”

कंपनीला फोन लावला. “सर, ओटीपी मिळाल्याशिवाय डिलिव्हरी होतच नाही.” ओटीपी म्हणजे पार्सल हातात पडल्यावर आपण सांगायचा आकडा. ऑर्डरवर जो मोबाईल नंबर असेल, त्यावर तो येतो. इथं नंबर मास्तरांचा होता.

मी कपाळावर हात मारला आणि त्यांच्या कानाशी ओरडलो. “वारलेल्या माणसाचा नंबर कशाला दिला, बाई?”

“आमच्या गावात घराला नंबर न्हाईत. रेंज बी मास्तरांच्याच घरी धड लागते. ते होते तवापासून समदं गाव त्यायचाच पत्ता आन् नंबर टाकतंय. पोरीच्या मोबाईलात तोच सेव्ह हाय.”

गावातल्या आणखी चौघांची पार्सलं अशीच ‘पोचली’ होती. मग ओटीपी दिला कुणी? मी तो नंबर फिरवला. बंद असणार, अशी खात्री होती. दुसऱ्याच रिंगला उचलला गेला. पलीकडे कुणीतरी नुसतं श्वास घेत होतं. मग दबका आवाज आला, “मास्तर बाहेर गेलेत. आकडा सांगू का?”

माझा भुताखेतांवर विश्वास नाही. तरी मी फोन कट केला, हे कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मंगलबाईंना घेऊन त्या घरी गेलो. मास्तरांच्या पत्नी, गावाच्या जिजी, तिथं एकट्या राहतात. मास्तरांच्या फोटोखाली त्यांचा मोबाईल चार्जिंगला लावलेला होता. आम्ही टेकतो न टेकतो तोच तो वाजला. जिजींनी डोक्यावर पदर घेतला, मग उचलला.

“भुजंगराव आहेत का?”

“बाहेर गेलेत. थांबा, आकडा सांगते.” आणि मास्तरांनी शिकवलं होतं तसा एकेक आकडा वाचला. मी हात पुढं करेपर्यंत स्क्रीनवर मेसेज आलासुद्धा: पार्सल मिळाल्याबद्दल धन्यवाद.

मी दारात जाऊन पाहिलं. गल्लीत गाडी नाही, माणूस नाही. कुत्रंही भुंकलं नव्हतं. उन्हातसुद्धा माझ्या अंगावर काटा आला.

चौकशी केल्यावर कळलं, भानगड साधी होती. पार्सल वाटणाऱ्या एजन्सीला ठरलेल्या दिवसांत पार्सल पोचल्याचं दाखवावं लागतं. एवढ्या आत कोण येणार? ते फोनवरच ओटीपी घेत, सही स्वतः गिरवत. पार्सलं परभणीच्या गोदामात पडून.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करायची, तर मास्तरांचा मृत्यूचा दाखला आणि जिजींचं प्रतिज्ञापत्र हवं होतं. जिजींनी दाखला अजून आणलाच नव्हता.

“ते न्हाईत असं कागदावर लिवायचं?” त्यांनी विचारलं. “दुसरं कोन इचारतंय त्यायला? हेच फोन येतेत.”

मंगलबाईंना यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं. त्या जिजींच्या तोंडाकडं एकटक बघत होत्या. जिजी त्यांच्याकडं बघून म्हणाल्या, “आना कागद.”

मृत्यूची आणि सहीची तारीख शेजारी शेजारी ठेवल्यावर कंपनीच्या वकिलाला बोलायला जागाच उरली नाही; पहिल्या तारखेआधीच त्यांनी प्रकरण मिटवलं. मशीन तपासणीच्या आधी आली, बाकीच्यांची पार्सलंही आली. मंगलबाईंचं काम टिकलं. कंपनीनं मास्तरांचा नंबर काढून टाकला आणि तो फोन वाजायचा थांबला.

आता अंगणवाडी सुटली की मंगलबाई रोज तो नंबर लावतात. “मास्तर हायेत का?” म्हणून विचारतात. पलीकडून येणारं उत्तर त्यांना आता स्पष्ट ऐकू येतं. “बाहेर गेलेत.”

पार्सल हातात घेतल्याशिवाय ओटीपी देऊ नका, असं मी प्रत्येक अशिलाला बजावतो. जिजींना सांगायचं मात्र अजून राहूनच गेलंय.