दोन टाक्यांचं कॅरियर

सायकलचं कॅरियर कशासाठी असतं, हे आमच्या कंपनीत वरच्या मजल्यावर बसणाऱ्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही. त्यांना वाटतं, त्यावर दप्तर ठेवतात. बारामतीच्या एमआयडीसीत मी सायकलच्या सुट्या भागांची तपासणी करते आणि लासुर्ण्याहून येता-जाता रोज बघते, कॅरियरच्या मधोमध कुणीच काही ठेवत नाही. दुधाचे कॅन दोन्ही बाजूंना लोंबत असतात, नाहीतर उसाच्या वाढ्याचा भारा आडवा पडलेला असतो.

गेल्या वर्षी डिझाईनच्या साहेबांनी कॅरियर हलकं करायला घेतलं. पायाच्या जोडाला पूर्वी सगळीकडून वेल्डिंग असायचं, तिथं नुसते दोन टाके ठेवले. चाचणीला पंचवीस किलोची वाळूची पिशवी बरोब्बर मध्ये ठेवली. मी म्हटलं, साहेब, एकदा कडेला टांगून बघा. ते हसले. तुम्ही मापं तपासा, बाकीचं आमच्यावर सोडा, म्हणाले. सोडलं. एवढंच नाही, तेच कॅरियर माझ्या वडिलांच्या, नानांच्या, सायकलला बसवायला घरी आणलं. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय.

दोन महिन्यांत डेअरीच्या वाटेवर टाका सुटला. कॅन चाकात गेला, नाना पडले आणि उजवा हात मनगटात मोडला.

मोडकं कॅरियर पिशवीत घालून मी कंपनीत नेलं आणि तक्रार लिहून दिली. ती मान्य झाली तर जोड पुन्हा पूर्वीसारखा होईल, एवढंच मला हवं होतं, कारण तसलीच कॅरियरं रोज खोकी भरभरून बाहेर जात होती. साहेब म्हणाले, वापरणाऱ्याचं म्हणणं घ्यावं लागतं. रविवारी ते स्वतः घरी आले.

त्यांना घरी येऊ दिलं, इथंच मी चुकले. आमच्याकडं दारात आलेल्या माणसाला कुणी दोष देत नाही, आणि हा तर लेकीचा साहेब. नानांनी डाव्या हातानं खुर्ची पुसली. चहा झाला, पुन्हा एकदा झाला. मग साहेबांनी मऊ आवाजात विचारलं, वजन जास्त झालं होतं का?

"व्हय सायेब, जरा जास्तच भरलं हुतं. माझीच चूक हाय."

खोटं. धादांत खोटं. दोन्ही म्हशींची धार मीच काढते. दोन्ही कॅन मिळून वीस किलोसुद्धा भरत नव्हते. मी तसं बोलायला लागले, तर पाहुण्यापुढचं ताट ओढून घेतल्यासारखं नानांनी माझ्याकडं बघितलं.

साहेबांनी कागद काढला. जादा वजनामुळे मोडलं, कंपनीबद्दल तक्रार नाही, असं त्यावर लिहिलं. नानांचा हात प्लास्टरमध्ये, म्हणून पेन माझ्यापुढं धरलं.

"कर की सही. त्यास्नी कशाला ताटकळत ठिवतीस?" नाना म्हणाले.

मी सही केली. अजूनही आठवलं की स्वतःच्याच मुस्काटात मारावीशी वाटते.

साहेबांची गाडी रस्त्याला लागल्यावर नाना निवांत झाले. "साधा माणूस हाय तुझा सायेब. चूक कबूल केली, तर लगीच सोडून दिलं."

मी म्हशींना पाणी दाखवायला उठले. तिथंच बसले असते, तर त्या मोडक्या हाताच्या माणसाला बोलू नये ते बोलले असते.