लॉनची राखण

घर घेतलं तेव्हा मला स्वयंपाकघरापेक्षा जास्त हौस होती ती पुढच्या अंगणात लॉन लावायची. अंगण म्हणजे तरी काय, चार खाटा टाकल्या की संपलं. पण आमच्या सात पिढ्यांत कुणी गवत लावलं नव्हतं. गवत दिसलं की तिकडं मेंढरं न्यायची, एवढाच आमचा गवताशी संबंध. सोयगावकडच्या डोंगरउतारांवर माझं लहानपण गेलं. चाऱ्यासाठी परक्याच्या बांधावर उभं राहून हात जोडणारा बाप मी पाहिला होता. म्हणून मला असं गवत हवं होतं जे कुणाच्याच पोटात जाणार नाही. हा माज होता, आज कबूल करते.

बीड बायपासच्या पलीकडं आमची कॉलनी, बारा रो-हाउसेसची. शहर तिथवर पोचलं होतं, महापालिकेची पाइपलाइन पोचली नव्हती. बारा घरांत मिळून एक बोअर. नर्सरीवाल्यानं गवताचे तुकडे सतरंजीसारखे गुंडाळून आणले, लाल मातीवर अंथरले आणि जाताना बजावलं, “मॅडम, रोज पाणी. एक दिवस चुकला की गेलं समजा.” मी औरंगपुऱ्यातून हिरवा पाइप आणला आणि शाळेत निघण्याआधी रोज न चुकता फवारायला लागले.

त्याच वर्षी आबा, माझे वडील, आले. लागोपाठ दुसऱ्या वर्षी पावसानं पाठ फिरवली होती, डोंगरावर काडी उरली नव्हती. कळप विकून, खांद्यावर घोंगडी टाकून ते माझ्या दारात उभे राहिले. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी मनाशी ठरवलं, आता यांना परत जाऊ द्यायचं नाही. पण जन्मभर चाललेल्या माणसाला नुसतं बसवून ठेवायचं कसं? म्हणून म्हणाले, “आबा, तुम्ही फक्त या लॉनची राखण करा.”

मी त्यांचा जीव रमावा म्हणून म्हटलं होतं. त्यांनी ते काम म्हणून घेतलं. खाट व्हरांड्यात ओढली, काठी उशाला ठेवली, आणि कुत्री, पोरं, पेपरवाला, सगळ्यांना हाकलायला सुरुवात केली. मी शिक्षकांच्या खोलीत हे रंगवून सांगायची आणि सगळे हसायचे.

सकाळी ते अनवाणी लॉनवरून चालत आणि मागं वळून बघत. काय बघता, म्हणून विचारलं.

“गवत उठतंय का बघतो. पाय पडल्यावर पुन्हा उभं राह्यलं तर त्याला पाणी नको. आडवंच राह्यलं तर तहान लागलीय.” मग माझ्या हातातल्या पाइपाकडं बघून म्हणाले, “तू रोज घोटघोट पाजतीस, त्याचं मूळ वरच लोळतंय. चार दिसांनी पोटभर पाज. पाण्यामागं मूळ खाली जातंय.”

मी बी.एड. झालेली. मी नर्सरीवाल्याचं ऐकलं.

मार्च सरला आणि बोअर गुळण्या टाकायला लागला. कॉलनीची बैठक झाली. मोटर सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास, बाकी टँकर, आणि झाडांना पाणी पूर्ण बंद. मीही हात वर करून मत दिलं. आठवड्याभरात लॉन पिवळं पडलं, मग पांढुरकं. येता-जाता लोक बघतात असं मला वाटायचं. खरं तर कुणाला फुरसत नव्हती, सगळे टँकरची वाट बघत बसलेले. पण माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

“मेलं नाय, बाई,” आबा म्हणायचे. “झोपलंय. पाऊस आला की उठंल. डोंगराच्या गवताला कोण पाजतंय?”

मला ते पटलं नाही. मला ते मेलेलंच दिसत होतं.

एप्रिलमधली एक दुपार. शाळा सकाळची होती, मी बाराला घरी आले होते. नवरा वाळूजला, कंपनीत. सगळ्या कॉलनीत कूलर घरघरत होते, रस्त्यावर चिटपाखरू नाही. आबांचा व्हरांड्यात डोळा लागला होता. मी पंपाच्या खोलीत गेले, मोटर सुरू केली, आमचा व्हॉल्व्ह उघडला आणि पाइप लॉनवर सोडला. दहा मिनिटं, असं मनाशी म्हटलं. आत येऊन पंख्याखाली टेकले आणि मला झोप लागली.

जाग आली ती बाहेरच्या गलक्यानं. बोअर कोरडा पडला होता आणि कोरडी फिरून मोटर जळली होती. बाराही घरांत थेंब नव्हता. जळक्या वायरीचा वास पसरला होता, आणि आख्ख्या कॉलनीत एकच जमीन ओली होती, माझी. फाटकापाशी पंधरा-वीस माणसं. सेक्रेटरी पुढं, घामाघूम, हातात रिकामी बादली तशीच. ते विचारत होते, “किसने चालू की मोटर? सांगा ना, कोणी केलं हे?”

आबा खाटेवरून उठले. त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. माझ्या साडीचा काठ चिखलानं माखलेला होता. मग ते पुढं झाले, डोक्याचा रुमाल काढून हातात घेतला आणि उघड्या डोक्यानं म्हणाले, “राखणीला म्या व्हतो. चूक माझी हाय.”

हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. मेंढरं कुणाच्या पिकात शिरली आणि शेतमालक काठी घेऊन आला, की राखणीवर असेल तो माणूस पुढं होतो. कळपाभोवतीची जाळी, वाघर, कुणी सैल बांधली, कुणाला झोप लागली, याची चर्चा परक्यापुढं होत नाही. तो शिव्या खातो, वेळ पडली तर मार खातो, आणि बाकीचे खाली मान घालून उभे राहतात. कॉलनीला यातलं काय कळणार? त्यांनी ऐकलं ते इतकंच, की म्हाताऱ्यानं कबूल केलं.

“बाबा, ये गाव है क्या?” सेक्रेटरी ओरडले. “बारा घरं कोरडी केली तुम्ही!” मागून कुणीतरी म्हणालं, खेड्यातल्या लोकांना पाण्याची किंमत नसते.

पाण्याची किंमत नसते! तीन-तीन कोस कळप चालवत नेऊन आधी मेंढरांना पाजून मग स्वतः ओंजळ लावणारा तो माणूस. आणि मी दारात उभी होते. बाकीच्यांनी मान खाली घालायची असते, हा आमचाच रिवाज, म्हणून मी गप्प आहे, असं मी स्वतःला सांगितलं. ते खोटं होतं. मला माझ्या नव्या घराची लाज वाचवायची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी घोंगडीची घडी केली. मी रडले, भांडले, वाट अडवली.

“तुम्ही का अंगावर घेतलं, आबा?”

“मग कोण घेईल? राखण माझी व्हती.” मग हळूच म्हणाले, “तुला इथं राह्यचंय, बाई. मला त्या माणसांपुढं आता बसवायचं नाय.”

ते गेले आणि गावाकडं दुसऱ्याच्या कळपामागं मजुरीनं चालायला लागले, त्या वयात. जूनच्या शेवटी पाऊस आला आणि लॉन उठलं, अगदी त्यांनी सांगितल्यासारखं, मुळापासून. मला त्याच्याकडं बघवेना. फोनवर मी दर रविवारी म्हणायची, या. ते म्हणायचे, बघू.

शेवटी दिवाळीनंतरच्या बैठकीत मी उठून उभी राहिले आणि सांगून टाकलं. मोटर मी चालू केली, पाइप मी सोडला, आबा झोपेत होते.

सेक्रेटरींचा चेहरा मऊ झाला. “मॅडम, बापाची चूक लेकच अशी अंगावर घेऊ शकते.” दोघी-तिघींनी डोळ्यांना पदर लावले. मी चिडले. कुठल्या वेळी, कुठला व्हॉल्व्ह, साडीला चिखल कसा लागला, सगळं ओरडून सांगितलं. मी जितकं सांगावं तितके ते प्रेमळ होत गेले. “बोलवा त्यांना परत,” सेक्रेटरी म्हणाले. “आम्ही कधीच माफ केलंय.” आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी घरी येऊन लगेच फोन लावला. मागं मेंढरांचा आवाज येत होता. सगळं सांगितलं, जसं झालं तसं.

“तू कशाला बोललीस?” ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, “माफ केलं म्हणले?”

“व्हय, आबा. सगळेच म्हणले. आता या.”

“आता तर नायच येता यायचं, बाई,” ते म्हणाले. “इतके दिस नुसती चूक व्हती, शिव्या खाऊन फिटलेली. माफी दिली, म्हंजे चोरी झाली.”

मेंढरं लांब गेली होती, म्हणून त्यांनी फोन ठेवला.