अळूच्या समुद्रातलं बेट

आमच्या शेजारचे नाना इतिहासाचे निवृत्त शिक्षक. काल त्यांच्याकडे जेवायला बसलो, तर त्यांनी ताटातच पॅसिफिक महासागरातली लढाई मांडली. भाताची मूद हे बेट, भोवती अळूच्या भाजीचा समुद्र, भाजीतले शेंगदाणे म्हणजे युद्धनौका आणि लिंबाची फोड हे विमानवाहू जहाज.

"आधी समुद्रातून तोफांचा मारा, मग सैन्य किनाऱ्यावर," म्हणत नानांनी बोटाने मुदीला खिंडार पाडलं. मीही जेवायचं विसरून बघत राहिलो.

वरणाची पळी घेऊन ताटकळलेल्या काकूंनी विचारलं, "अहो, त्या बेटावर माणसं राहत असतील ना? त्यांचं काय झालं?"

नानांचं बोट मुदीतच थबकलं. उभ्या नोकरीत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नसावा. मला वाटलं, नकाशावर जिथे बाण येऊन टेकतो, तिथेही कुणाची तरी चूल पेटलेली असणार, आणि तिथलीही एखादी बाई म्हणत असणार, आधी जेवून घ्या.

"ते पुस्तकात नाही गं," नाना पुटपुटले.

"मग जेवा आता," म्हणून काकूंनी मुदीवर वरण ओतलं. बेट बुडालं, आरमार वाहून गेलं.

नानांनी मुकाट्याने विमानवाहू जहाज उचललं आणि भातावर पिळलं.