उलट्या पिसांची कोंबडी

"हीच हाय ती! डाव्या पायाचं नख तुटलेलं. माझ्या डोळ्यांनी बघितलंय मी!"

"अक्का, कोंबडीचं नख तुटतंच. तुम्ही काय नखं वळखायला आलात माझ्या दारी?"

"अख्तरीबी, लेकराची आण घेऊन सांगा. दोन्ही बारीला हीच दिली ना मला?"

अख्तरीनं आण घेतली नाही. खुराड्यावर बसलेली ती कोंबडी दोघींकडं आळीपाळीनं बघत होती. पिसं अशी उलटी वळलेली, की वारा नसतानाही वाऱ्यात सापडल्यासारखी दिसायची. हिमायतनगरात अशी दुसऱ्या कुणाकडं नव्हती.

तीस वर्षं अख्तरी कोंबड्या विकत होती. खाण्यासाठी नेणारा पुढच्या दारानं येतो, छाती दाबून बघतो, भावासाठी भांडतो. उताऱ्यासाठी नेणारा मागच्या दारानं येतो, भाव करत नाही, कोंबडी पदराखाली झाकून नेतो. कशाला नेता, हे विचारायचं नाही, असा सासऱ्यांचा दंडक होता. सासू मात्र सांगायची, "उताऱ्याची कोंबडी दिसली तर तिला दगड मारू नको गं. कुणाचं तरी दुखणं घेऊन चालली बिचारी." आता कुठं कुठं टाचण्या टोचतात, चौकात मान कापतात, मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढतात. तसल्यांना अख्तरी हाकलून लावायची. आता दारात उभ्या असलेल्या या साखराबाईच्या वाडीत अजून कोंबडी आजाऱ्यावरून ओवाळून शिवेवर जिवंत सोडत होते. म्हणून तिच्या आजारी सुनेच्या, शिल्पाच्या, उताऱ्याला कोंबडी दिली.

आणि वाडीची शीव होती अख्तरीच्या घरामागच्या ओढ्यापलीकडंच. दुसऱ्याच दुपारी कोंबडी कपाळाला कुंकू घेऊन खुराड्यापाशी हजर! अख्तरीनं ओल्या पदरानं ते कुंकू पुसलं. पुढच्या मंगळवारी साखराबाई रडत आली, "उलट्या पिसांचीच पाहिजे म्हणतो देवऋषी," तेव्हा द्यायला दुसरी होतीच कुठं?

"बोला की! तिसरा उतारा आज हाय. तीन झाल्याबिगर शिल्पानं शीव वलांडायची न्हाई, असं सांगितलंय. उद्या नांदेडला दवाखान्यात नेणार हुतो आम्ही तिला."

उद्या. अख्तरीच्या कानात तो शब्द शिरला, पण तोवर जीभ सुटली होती.

"हाव, हीच हाय! दोन्ही बारीला हीच! कोंबडीला तिचं खुराडं कळतं अक्का, दुसरं काय कळत न्हाई. ती कुणाचं दुखणं घेऊन जात न्हाई. गेली तशी आली, दाणे टिपून राहिली. आता तरी डोळे उघडा! पोरीचे डोळे हळदीवानी झालेत म्हणता, अन् शीव मोजत बसलात?"

अख्तरीला वाटलं, खरं ऐकून बाई भानावर येईल.

साखराबाई पायरीवर बसली. बोटांवर मंगळवार मोजू लागली.

"म्हंजे एकबी झाला न्हाई," ती पुटपुटली. "दुखणं घरीच परत आलं. आता पहिल्यापासून... आज एक, पुढला मंगळवार, त्याच्या पुढला..."

"या अल्ला! अक्का, तसं न्हाई म्हणत मी!"

"कुणाला सांगू आता? मालक तर म्हणतील, तूच फसलीस."

"कुणाला नका सांगू! वेगळी होती म्हणा. मीच म्हणते, वेगळी होती! वळखायला चुकले मी."

"आता कशाला खोटं बोलता?"

"माझ्या आसिफची ऑटो दारात उभी हाय. आत्ता जाऊ. मी बसते तिच्यासंगं. शीव आली की डोळे झाकू तिचे, कळणारबी न्हाई तिला."

"देवाला कळंल की."

साखराबाई उठली. "उलट्या पिसांची नको आता, ती माघारी येती." खुराड्यात हात घालून तिनं साध्या पिसांची एक काळी कोंबडी काढली, पदराखाली घेतली. नोट पायरीवर ठेवली.

"अक्का, एवढं तरी सांगा," अख्तरी मागं धावली. "सकाळपासून शिल्पा पाणी पिली का?"

साखराबाईनं पदर नीट केला आणि मागच्या दारानं निघून गेली.