दिवा लागल्यावर गाडी किती जाते

गाडीतला पेट्रोलचा दिवा लागल्यावर ती अजून किती जाते, हे मी आजवर बऱ्याच जणांना विचारलंय आणि एकानेही "माहीत नाही" असं म्हटलेलं नाही. माझा नवरा म्हणतो, चाळीस किलोमीटर डोळे झाकून. गॅरेजवाला म्हणाला, ताई, तुम्ही वीस धरून चाला. माझ्या वडिलांनी जन्मात कधी स्टिअरिंग धरलं नाही, पण तेही ठासून सांगायचे की दिवा लागला तरी गाडी तालुका ओलांडते. गाडी प्रत्येकाची वेगळी, आत्मविश्वास सगळ्यांचा सारखाच. मला विचाराल, तर आपल्याला जिथं पोचायचं असतं त्याच्या थोडं अलीकडेपर्यंत ती जाते.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. त्यांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती आणि आठवड्यातून दोनदा त्यांना डायलिसिसला बीडला न्यावं लागायचं. भाऊ पुण्याला, आई घाबरट, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. मी गेवराईला शाळेवर होते. त्या दिवशी रजा टाकायची, गाडी काढायची, तलवाड्याच्या पुढं आमच्या गावाला जायचं आणि दादांना मागच्या सीटवर उशीला टेकवून बीड गाठायचं. सकाळची पाळी चुकली की मशीन दुसऱ्याला देतात. आणि पाळी चुकली की दादांच्या अंगात पाणी साचायचं, पाय सुजायचे, श्वास वर लागायचा. त्यामुळे वेळेत पोचायचं, एवढं एकच माझ्या डोक्यात असायचं.

दुसरी जबाबदारी खोटं बोलायची होती. ती आम्ही मायलेकींनी वाटून घेतली होती.

आमच्या भागातला सहकारी साखर कारखाना उभा राहिला तेव्हा दादांनी सायकलवर फिरून गावोगाव शेअर गोळा केले होते. पुढं ते संचालकही झाले. घरातल्या लेकरांपेक्षा त्यांना कारखान्याचं कौतुक जास्त, हे मी रागानं नाही, खरं आहे म्हणून सांगते. दुष्काळात धरण तळाला गेलं, उभा ऊस वाळला आणि जो थोडा जगला तो चारा छावणीत जनावरांच्या तोंडी गेला. कारखान्याला कुलूप लागलं. त्याच सुमाराला दादा अंथरुणाला खिळले. डॉक्टर म्हणाले, यांना धक्का बसेल असं काही सांगू नका. मग आई पेपरमधलं कारखान्याच्या बातमीचं पान चुलीत घालायला लागली. भेटायला येणाऱ्याला मी अंगणातच दम द्यायची. कारखान्याचा भोंगा ऐकू येत नाही म्हणून दादांनी तक्रार केली की आई म्हणायची, "वारं उलटं हाय." दोन वर्षं आमच्या गावात वारं उलटंच वाहत होतं. दादांना कानानं कमी ऐकू यायचं, म्हणून निभावलं.

बीडला मी नेहमी गेवराईवरून, हायवेनं जायची. त्या रस्त्याला कारखाना लागत नाही, आणि पेट्रोलही तिकडंच भरायचं. पण त्या दिवशी हायवेला लागायच्या आधीच वाहनांची रांग दिसली. पाण्याच्या टँकरसाठी रास्ता रोको होता. बैलगाड्या आडव्या लावलेल्या आणि बाया रिकामे हंडे घेऊन डांबरावर बसलेल्या. मी उतरून हात जोडले. एक म्हातारी म्हणाली, "माय, आमी तरी काय हौस म्हणून बसलो का इथं?" तिचं खरं होतं. पाण्यावाचून ती बसली होती आणि अंगातलं पाणी निघावं म्हणून मी दादांना नेत होते. मी गाडी वळवली आणि आतला रस्ता धरला, कारखान्यावरून जाणारा.

थोड्याच वेळात दिवा लागला.

मी एसी बंद केला, काचा वर केल्या, उतारावर गाडी नुसती सोडून दिली. पुढं एक पंप होता. मी इंडिकेटर दिला आणि मागून दादांचा आवाज आला, "इथं कावून थांबायली?"

"पेट्रोल संपत आलंय, दादा."

"हा पंप कुणाचा हाय, म्हाईत न्हाई का तुला?"

मला चांगलं माहीत होतं. निवडणुकीत दादांच्या पॅनलविरुद्ध उभ्या राहिलेल्या माणसाचा तो पंप. आमच्याकडे माणसं सोयरिकी विसरतील, पण पॅनल विसरायची नाहीत. गाडी माझ्या नवऱ्याची, पेट्रोल माझ्या पगारातलं, अब्रू तेवढी दादांची.

"आज एक दिवस भरू. कोण बघतंय?"

"मी बघतोय की. आपला पंप पुढं हाय. कारखान्याचा. तिथं घ्यायचं."

"तो बंद असला तर?"

"हंगामात पंप बंद?" ते हसले. "येडी का खुळी तू, बाई?"

मी तरीही गाडी आत घ्यायला लागले, तसा दादांनी दरवाजा उघडला. सुजलेला एक पाय बाहेर काढला. त्यांना धाप लागली होती, ओठ निळसर दिसत होते. इथं भांडत बसले तर त्यांचा जीव जाईल आणि खरं सांगितलं तरी जाईल, असं मला वाटलं. मी त्यांचा पाय उचलून आत ठेवला, दार लावलं आणि गाडी पुढं काढली. वीस म्हणणाऱ्याचं खरं ठरो की चाळीस म्हणणाऱ्याचं, कारखान्यासमोरून न थांबता निघून जायचं, एवढंच मी ठरवलं होतं. दादांचा डोळा लागावा म्हणून मी मनातल्या मनात नारायणगडाला नारळ बोलले.

डोळा लागला नाही. ते काचेला नाक लावून बसले होते.

"उसाच्या गाड्या दिसंनात."

"ऊसतोडीच्या टोळ्यांचा आज बाजाराचा दिवस हाय."

"आन् वास बी येईना मळीचा."

"काचा लावल्यात, दादा."

माझं मलाच ओशाळं वाटत होतं. वळणावर धुराडं दिसलं, त्यावर धुराची रेघसुद्धा नव्हती. मी वेग वाढवला. गाडीनं दोन आचके दिले आणि बरोबर कारखान्याच्या फाटकासमोर ती बंद पडली. चावी फिरवली, पुन्हा फिरवली. स्टिअरिंगवर डोकं आपटावंसं वाटलं मला.

फाटकाला साखळी होती. आत पंपाच्या नळीला पोतं गुंडाळलेलं, आणि उसाच्या गाड्या वजनाला जिथं रांगेनं उभ्या राहायच्या तिथं वेड्या बाभळी माजलेल्या. दादा दार उघडून, पाय बाहेर सोडून सीटवरच बसले. म्हातारा वॉचमन बाहेर आला. त्यानं दादांना ओळखलं आणि लगबगीनं येऊन पायाला हात लावला.

"दादा, तुमी? आन् असं मधीच?"

"हंगाम कवा सुरू करायला लागलेत?" दादांनी विचारलं.

मी गाडीतून उतरून दादांच्या मागून त्याला हातानं खुणावत होते. त्याला काय कळणार? तो बिचारा सरळ बोलला, "कशाचा हंगाम, दादा? दोन साल झाले बंद पडून. पगार बी न्हाई. मी आपला बसतो हितं, कुठं जावं?"

दादा माझ्याकडे वळले नाहीत. वळले असते, ओरडले असते, तर मला बरं वाटलं असतं. ते नुसते फाटकाकडे बघत बसले. वॉचमननं टँकरच्या पाण्याचा तांब्या भरून आणला. दादांना दिवसाला मोजकंच पाणी चालायचं, एरवी मी घोटाघोटाला त्यांच्याशी भांडायची. त्यांनी तो तांब्या तोंडाला लावला आणि सगळा रिकामा केला. मला तो हातातून काढून घेता आला नाही.

वॉचमन मोटारसायकल घेऊन गेला आणि बाटलीतून पेट्रोल घेऊन आला. ते कुठल्या पंपावरचं, हे न विचारताही कळत होतं, जवळ दुसरा पंपच नव्हता. मी टाकीत ओतत असताना दादा बघत होते. एका शब्दानं त्यांनी हरकत घेतली नाही. ते मला त्यांच्या आजारापेक्षा भयंकर वाटलं.

बीडला पोचलो तेव्हा मशीनवर दुसरा माणूस होता. दादांचा श्वास घुरघुरत होता. त्यांना ऑक्सिजन लावून सिस्टर म्हणाल्या, आता संध्याकाळच्या पाळीत बघू, मधे कुणी आलं नाही तर लवकर घेऊ. मग त्या माझ्यावर घसरल्या. "एवढा उशीर? तुम्ही शिकलेली माणसं, पेशंटची काही काळजी?"

मी तोंड उघडायच्या आत दादांनी नाकावरचा मास्क बाजूला केला.

"तिला नका बोलू, बाई," ते धापा टाकत म्हणाले. "पेट्रोल घ्यायला थांबलो होतो आमच्या कारखान्याच्या पंपावर. लई गर्दी होती. हंगाम जोरात हाय ना."

आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं, सकाळपासून पहिल्यांदाच.

"हो," मी म्हणाले, "फार गर्दी होती." आणि मास्क पुन्हा त्यांच्या नाकावर बसवला.